मेम्फिसचे मूळ नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इजिप्तवरचा लेख मनापासून आवडला. त्यातले एक विधान मात्र दुरुस्त व्हावे. लेखात म्हटल्याप्रमाणे मेम्फिस हे इजिप्तच्या त्या प्राचीन राजधानीचे 'मूळ इजिप्शियन नाव' नव्हे. ते ग्रीकांच्या तोंडी रुळलेले रूप आहे.

शहराचे जुने नाव 'इनेबु-हेज', म्हणजे पांढऱ्या भिंती. पुढे इसवी सनापूर्वी तेविसाव्या शतकाच्या सुमारास राजा पहिला पेपी याने जवळच सक्कारा येथे पिरॅमिड बांधून त्याला 'मेन-नेफर-पेपी' म्हटले: पेपीचे सौंदर्य टिकून आहे. पिरॅमिडलगतच्या वस्तीला तेच नाव पडले, कालांतराने त्यातला पेपी गळाला आणि सगळे शहरच 'मेन-नेफर' झाले. चित्रलिपीत हे नाव नीट पाहा: सोंगट्या मांडलेला पट, श्वासनलिकेसकट हृदय, आणि शेवटाकडे एक चिमुकला पिरॅमिड. राजाचे नाव गेले तरी त्याचा पिरॅमिड शहराच्या नावात राहिला. मला हे फार हृद्य वाटते.

बोलता बोलता शेवटचा 'र' झिजला. कॉप्टिकमध्ये, म्हणजे इजिप्शियन भाषेच्या शेवटच्या रूपात, 'मेन्फे', ग्रीकमध्ये 'मेम्फिस', हिब्रूत 'नोफ', अरबीत 'मन्फ'. आज तिथे, कैरोच्या दक्षिणेला वीसेक किलोमीटरवर, मीत रहीना नावाचे खेडे आहे.

याच शहरातल्या प्ताह देवाच्या मंदिराला 'हुत-का-प्ताह' म्हणत. ग्रीकांनी त्याचे 'आयगुप्तोस' केले आणि ते अख्ख्या देशाला चिकटले. आपला 'इजिप्त' तिथूनच आला. तिथले लोक स्वतः देशाला 'केमेत' म्हणत, म्हणजे नाईलच्या गाळाची काळी जमीन. शेताला 'काळी' म्हणणाऱ्या आपल्या लोकांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

मी पैठणची. दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात बसून भूगोल लिहिणाऱ्या टॉलेमीने आमच्या प्रतिष्ठानाचे, म्हणजे जुन्या पैठणचे, 'बैथना' केले, आणि आमच्या सातवाहन राजा पुळुमावीचे नावही त्याच्या ग्रंथात ग्रीक होऊन बसले. 'बैथना' हेच पैठणचे मूळ नाव, असे उद्या कुणी छापले तर आम्हाला ते खपेल का?

म्हणून विनंती, की या मालिकेच्या पुढच्या लेखांत निदान पहिल्या उल्लेखाला 'मेन-नेफर' छापावे. त्यानंतर मेम्फिस लिहिले तरी हरकत नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, पैठण