केबल चांदीची, अर्थिंगचं नाव नाही

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला शुद्ध वीज आणि शुद्ध सुरांचा लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचला तो ‘अर्थिंग’ (गळणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी) हा शब्द कुठे सापडतो का ते पाहायला. नाही सापडला. चांदीच्या तारेची पॉवर केबल मात्र फोटोसकट सापडली. लेखकमहाशयांच्या कानांबद्दल मला आदरच आहे. ती केबल म्युझिक सिस्टिमला लावल्यावर तानपुऱ्याची जवारी (तारेचा तो घुमारेदार झंकार) म्हणे ‘खुलली’. आम्ही तानपुरे घडवणाऱ्या मिरजेची माणसं; आमच्याकडे जवारी खुलते ती घोडीवर (तारा टेकतात त्या पट्टीवर) कानस फिरवून आणि तारेखालचं सूत सरकवून.

घरातच माझा छोटा स्टुडिओ आहे. चार पावसाळ्यांपूर्वी एक वयोवृद्ध बुवा रेकॉर्डिंगला आले होते. पट्टी काळी एक, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या सुराचा सा. स्पीकरमधून सारखी घूं. आपली वीज ५० हर्ट्झची, घूंमध्ये ठळक सूर तिच्या दुप्पट, १०० चा. आणि काळी एकचा मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) १०४ च्या आसपास. म्हणजे तानपुऱ्याच्या पंचमाला खेटून दुसरा उतरलेला पंचम बसलेला! बुवा म्हणाले, “अहो, हा तिसरा तानपुरा कोण छेडतंय?”

३८ हजारांचा पॉवर कंडिशनर, म्हणजे वीज ‘गाळून’ देणारा डबा, आधीच आणून ठेवला होता. तो नुसता दिवे दाखवत होता. दुकानदाराने पाठवलेल्या तंत्रज्ञाने मग मिक्सरच्या थ्री पिनची अर्थची पिनच काढून टाकली. घूं गायब. मी खुशीत त्याला चहा पाजला. थोड्या वेळाने बुवा उठले, ओल आलेल्या शहाबादी फरशीवर अनवाणी, आणि माइक जरा खाली घ्यायला गेले. माइकचा शॉक बसला; हात झटकून जे मागे सरले, ते त्या दिवशी परत गायलेच नाहीत. त्यांची ती नजर मला अजून आठवते.

खरा दोष काढला तो गल्लीतल्या वायरमनने. कॉम्प्युटर एका खोलीतल्या प्लगवर, मिक्सर दुसऱ्या खोलीतल्या. दोघांची अर्थ वेगवेगळ्या वाटेने जमिनीत जाणारी, आणि वर ऑडिओ केबलने दोघं जोडलेले. त्या कड्यात फिरणारा करंट स्पीकरमधून बोलत होता. त्याने दोन्ही एकाच बोर्डावर घेतले, पिन पुन्हा बसवली, अर्थिंगच्या पट्टीचा गंजलेला नटबोल्ट बदलला. बोर्डाचे ३५० रुपये, मजुरी २००. बारीक करकर उरली होती, ती पंख्याच्या रेग्युलेटरची. पंखा बंद केला.

वीज खराब असते हे मलाही मान्य आहे. चौकोनी लहरीच्या इन्व्हर्टरवर अ‍ॅम्प्लिफायर कसा गुरगुरतो ते मी रोज ऐकतो. पण लेखकांनी वाचकांना लाखाच्या केबलकडे धाडण्याआधी घरातली तिसरी पिन कुठे जोडली आहे, जोडली तरी आहे का, एवढं बघायला सांगायचं होतं. तेवढी जागा फोटोने खाल्ली असावी.

जाता जाता, गुरुवारच्या वीजबंदची सूचना आपण शुक्रवारच्या अंकात छापलीत. शुद्ध-अशुद्ध राहू द्या, वीज कधी जाणार एवढं तरी आदल्या दिवशी कळवा.

आपला,
एक जुना वाचक, मिरज