बोटांच्या ठशांवरून सायन्स की आर्ट्स?

महोदय,

गेल्या महिन्यात पेपरच्या घडीतून एक गुळगुळीत पत्रक घरात पडलं. (पत्रकं विक्रेता घालतो, संपादक नव्हे, हे मला कळतं. तरी पडलं ते आपल्याच अंकातून.) बोटांच्या ठशांवरून मुलांचं करिअर ओळखून देतो, असा मजकूर. माझ्या पुतण्याने ते मनावर घेतलं. तालुक्याच्या एका क्लासच्या हॉलमध्ये रांग लावून नववीतल्या मुलीची दहाही बोटं मशीनवर टेकवली, साडेतीन हजार मोजले आणि आठ दिवसांनी चाळीस पानी रंगीत अहवाल घेऊन माझ्याकडे आला. तोंड उतरलेलं. म्हणाला, ‘‘काका, हिची तर्कबुद्धी कमी निघाली. सायन्सला घालू नका म्हणतात.’’

याच पोरीने दिवाळीत केळीच्या व्यापाऱ्याच्या पावतीवर वजनाची कपात दोनदा लागलेली पकडली होती. तेव्हा पुतण्याने गावभर सांगितलं होतं. आता छापील कागद आल्यावर ते विसरला.

मी तीस वर्षं बारावीला मानसशास्त्र शिकवलं. अहवाल दोनदा वाचला. ‘तुम्ही वरून खंबीर दिसता, पण आतून कधीकधी चलबिचल होते. तुमच्यात पुष्कळ क्षमता आहे, तिचा पुरता वापर झालेला नाही.’ नाव झाकून हे पान मी चौघांना वाचून दाखवलं. दूधवाला, कटिंगवाला, निवृत्त एसटी कंडक्टर आणि शेजारची सूनबाई. प्रत्येकाला सांगितलं की हे तुमच्याबद्दल आहे. कंडक्टर तर खुर्चीतून उठलाच, ‘‘सर, हाई ते बठ्ठं मनंच लिखेल शे!’’ (हे तर सगळं माझंच लिहिलंय.)

चौघांवरून सिद्धांत मांडायचा नसतो, हे मीच वर्गात बजावत असे. पण हा प्रयोग माझा नाही. 1948 साली बर्ट्रम फोरर या अमेरिकन प्राध्यापकाने आपल्या 39 विद्यार्थ्यांना चाचणी दिली आणि निकाल म्हणून सगळ्यांच्या हाती एकच मजकूर ठेवला. त्यातली बरीच वाक्यं ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली. वर्णन किती जुळतं, याला पोरांनी पाचपैकी सरासरी 4.26 गुण दिले.

क्लासवाल्यांचं म्हणणं असं की त्यांची चाचणी कितीही वेळा घ्या, निकाल तोच येतो. येणारच. ठशांच्या रेषा आईच्या पोटात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून उमटतात आणि जन्मभर तशाच राहतात. वजनकाटा रोज क्विंटलमागे दोन किलो कमी दाखवत असेल, तर तोही रोज ‘तेच’ दाखवतो. आमच्या विषयात दर वेळी तोच निकाल येण्याला विश्वसनीयता म्हणतात आणि जे मोजायचं म्हणता तेच मोजण्याला सप्रमाणता. पहिली असून दुसरी नसली, तर शेतकरी नागवला जातो.

आल्फ्रेड बिने या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने 1905 मध्ये पॅरिसला बुद्धिमापनाची चाचणी केली, ती मुलांपुढे प्रश्न ठेवून. आपल्याकडे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाडला ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बेतली, तीही मुलांना प्रत्यक्ष तपासून. कुठल्या वयाच्या किती मुलांना कुठला प्रश्न जमतो, हे आधी पाहावं लागतं. त्यालाच प्रमाणक म्हणतात. अशा चाचण्यांतही दोष असतात, प्रमाणकं जुनी होतात, घरी अहिराणी बोलणारं पोर पुस्तकी मराठीतल्या प्रश्नाला अडखळतं आणि ‘कमी’ ठरतं. त्यावर भांडता येतं, कारण मोजलं कसं ते लिहून ठेवलेलं असतं. या क्लासवाल्यांना मी विचारलं, तुमची प्रमाणकं कुठल्या मुलांवर काढली? उत्तर आलं, ‘‘सर, सॉफ्टवेअर सिंगापूरचं आहे.’’

अहवालात हॉवर्ड गार्डनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचं नाव चार ठिकाणी आहे. त्यांनी 1983 मध्ये बहुविध बुद्धिमत्तेची, म्हणजे बुद्धी एक नसून अनेक प्रकारची असते अशी, कल्पना मांडली. तिचा बोटांच्या ठशांशी काडीचा संबंध नाही. या चाचणीला शास्त्रीय आधार नाही, असं देशातल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनेही सांगितलेलं आहे. तेवढी एक बातमी आपण त्या पत्रकाच्या आकाराची छापावी, ही विनंती.

येत्या रविवारी त्याच हॉलमध्ये पुन्हा पालकसभा आहे. मी जाणार आहे. साडेतीन हजारांची पावतीही मागायची आहे. पुतण्याला ती अजून मिळालेली नाही.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. चोपडा, जि. जळगाव