मंत्रीसाहेब, माझ्या लेकीचं कार्ड पलीकडच्या राज्याचं होतं

मा. आरोग्यमंत्री,
कर्नाटक सरकार, बेंगळुरू.

सविनय नमस्कार.

पत्र मराठीत आहे. घटनेच्या 350व्या कलमाने तक्रार मांडताना तो हक्क दिला आहे. आधीच सांगितलेलं बरं, नाहीतर भाषेचा शेरा मारून कागद परत यायचा.

मी खानापूर तालुक्याच्या जंगलपट्टीतला शेतकरी. लेक पलीकडे महाराष्ट्रात, चंदगडला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून सातव्या महिन्यात तिला घरी आणली. जुलैत एका रात्री कळा सुरू झाल्या आणि नाल्याला पाणी. गेल्या उन्हाळ्यात सरकारी साहेब लोक आमच्या अंगणात चहा पिऊन सांगून गेले होते की पावसाआधी साकव होईल आणि पावसाळाभर फाट्यावर 108ची गाडी उभी राहील. साकवाचा पत्ता नाही. गाडीसाठी पोरगं टेकाडावर चढलं, कारण खाली रेंज नाही. गाडी दुसऱ्या पेशंटला गेलेली.

बांबूला घोंगडं बांधून झोळी केली. घोंगडं भिजलं की खांदेकऱ्यांचे पाय चिखलात किती रुततात, हे विधानसभेत कुणाला माहीत असायचं कारण नाही. मी पुढे बॅटरी धरून चालत होतो आणि मागून लेक विचारत होती, बाबा, किती राहिलं.

दवाखान्यात सिस्टरने पहिलं काय मागितलं? तायी कार्ड, म्हणजे गरोदर बाईच्या नोंदणीचं कार्ड. लेकीकडे होतं महाराष्ट्राचं. बाईंनी ते उलटंसुलटं करून बघितलं आणि परत दिलं. इदु नडेयल्ला, म्हणजे हे चालत नाही. डॉक्टरीणबाई रजेवर, बेळगावला न्या. बेळगावात पोचलो तोवर बाळ पोटातच गेलं होतं. मुलगा होता. लेकीला दूध आलं, ते फडकं आवळून बांधून आटवावं लागलं. मंत्र्याला लिहायची ही गोष्ट नव्हे, पण आता लाज कुणी बाळगायची ते आपणच ठरवा.

‘दुर्गम भाग आहे’ हे उत्तर मला तोंडपाठ आहे. पोरगं मोबाइलवर वाचून दाखवतं, म्हणून मलाही चार गोष्टी कळतात. श्रीलंकेत सरकारी सुईण घरोघर जाते, साधारण तीन हजार वस्तीला एक, आणि गरोदर बाईचं नाव पहिल्यापासून तिच्या वहीत असतं. 2022 मध्ये त्या देशाची तिजोरी रिकामी झाली तेव्हा आपण इथे बसून हसलो. पण तिथे लाख जन्मांमागे मरणाऱ्या आया चाळिशीच्या आत, आणि आपल्या कर्नाटकात सरकारच्याच 2018-20 च्या आकड्यांत 69! महाराष्ट्र 33, केरळ 19. दक्षिणेतल्या पाच राज्यांत सगळ्यात वाईट आपण. याचा फ्लेक्स कुठे लागलेला बघितला नाही.

क्युबात 1962 पासून लांबच्या बायकांना दिवस भरत आले की दवाखान्याजवळच्या घरात आणून ठेवतात. खर्च काय तो? चार खाटा आणि दोन वेळचं जेवण. थायलंडने डॉक्टरांना खेड्यात नोकरी सक्तीची केली, अडचणीच्या जागी जादा भत्ता दिला आणि खेड्यातल्याच पोरांना डॉक्टर करायला घेतलं. सक्तीच्या सेवेचा कायदा आपल्याकडेही आहे, 2012 चा. कायदा आहे, डॉक्टर तेवढा नाही. वेल्समधल्या खाणकामगारांच्या गावात काम करणाऱ्या ज्युलियन ट्यूडर हार्ट या डॉक्टरने 1971 सालीच लिहून ठेवलंय की जिथे गरज जास्त तिथे चांगली सेवा कमी. त्याने खानापूर बघितलं नव्हतं, तरी बरोबर लिहिलं.

आणि एकट्या आपल्याला कशाला बोलू? 2023 मध्ये महाराष्ट्राने 865 सीमाभागातल्या गावांना आपली आरोग्य योजना लागू केली, तर बेंगळुरूहून केवढा निषेध! आमच्या आजारपणाची एवढी काळजी आधी कधी दिसली नव्हती. मुंबईवाल्यांना सीमावासी आठवतात ते भाषणापुरते. सीमेचा खटला 2004 पासून सुप्रीम कोर्टात. बेळगावात 2012 पासून सुवर्णसौध, म्हणजे कर्नाटकाचं दुसरं विधानभवन, उभा आहे, अधिवेशनाला अख्खं सरकार दहा दिवस येतं, पोलीस येतात, आमच्या मोर्च्याला परवानगी नाकारतात आणि जातात. भांडण कुणाच्या जमिनीचं ते सगळ्यांना पाठ आहे, त्या जमिनीवर बाळंत होणारी बाई मात्र कुणाचीच नाही.

माझं मागणं तेवढंही मोठं नाही. साकव बांधा. जून ते सप्टेंबर फाट्यावर गाडी ठेवा. दिवस भरलेल्या बायकांना तालुक्याच्या गावी राहायला दोन खोल्या द्या. आणि कळा देणाऱ्या बाईला कार्ड कुठल्या राज्याचं हे विचारू नका, असं लेखी काढा, तोंडी नको. तोंडी आम्ही ऐकलंय.

डिसेंबरात अधिवेशनाला याल तेव्हा एक दिवस इकडे काढा. गाडी नाल्यापर्यंत येते, पुढे चालावं लागेल. उत्तर कन्नडमध्ये पाठवलं तरी चालेल, धाकटा वाचतो.

आपला,
जंगलपट्टीतला एक मतदार
ता. खानापूर, जि. बेळगाव