खिळा मारायचा नाही अशी आर्ट गॅलरी

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत कुणीतरी लिहिलं होतं की गोवा केवढासा, इथे आर्ट गॅलरी चालणार कशी, गिऱ्हाईकच नाही. तेव्हापासून ते डोक्यात घोळतंय म्हणून लिहायला बसलो. मी चित्रकार वगैरे नाही. फोंड्याला माझं फ्रेमिंगचं दुकान आहे, २१ वर्षं झाली. देवांचे फोटो, गेलेल्या माणसांचे फोटो, सर्टिफिकिटं, रिटायर झालेल्यांची मानपत्रं, ह्यावर दुकान चालतं. मधून मधून पणजीतल्या आल्तिनोच्या आर्ट कॉलेजमधली मुलं कॅनव्हास गुंडाळून घेऊन येतात, त्यांना मी मोल्डिंग, म्हणजे फ्रेमची पट्टी, खरेदीच्या भावात लावून देतो (हे घरी माहीत नाही). त्यामुळे कोण काय रंगवतो आणि पुढे त्या चित्रांचं काय होतं ते मला जरा जवळून दिसतं.

दोन वर्षांपूर्वी डिचोलीकडच्या एका मुलाची १४ चित्रं मी फ्रेम केली. खाणी बंद झाल्यावर उभे राहिलेले ट्रक, टायरातून उगवलेलं गवत, असलं सगळं. त्याने एका सरकारी हॉलात तीन दिवसांचं प्रदर्शन लावलं. बुकिंगच्या फॉर्मवर कार्यक्रमाचा प्रकार विचारला होता, त्यात नाटक, भजन, व्याख्यान, सत्कार सगळं होतं, प्रदर्शन नव्हतं, म्हणून त्याने 'इतर' वर खूण केली. हॉलाच्या दारावर पितळी अक्षरात आर्ट गॅलरी लिहिलेलं आणि आत पहिली सूचना काय, तर भिंतीला खिळा मारायचा नाही! रंग खराब होतो म्हणे. मग आम्ही वरच्या पाइपाला साखळ्या बांधून चित्रं लोंबकळत ठेवली, पंखा लावला की ती हळूहळू फिरायची, आणि पंखा बंद केला तर माणसं थांबायची नाहीत. उद्घाटनाला पाहुणे आले, समई पेटली, फोटो झाले, सामोसे संपले, आणि दुपारपासून हॉलात तो, मी आणि वॉचमन. एक चित्र विकलं गेलं, ते त्याच्या मामाने घेतलं.

आता 'लहान जागा' ह्या मुद्द्याकडे येतो, कारण तो मुद्दा मला पटत नाही. माझी भाची एस्टोनियात टॅलिनला आयटीत नोकरीला आहे, मागच्या वर्षी जूनमध्ये आम्ही दोघं तिच्याकडे राहून आलो. त्या अख्ख्या देशाची लोकसंख्या १३-१४ लाख. आपला गोवा २०११ च्या जनगणनेतच साडेचौदा लाख होता. म्हणजे आपल्यापेक्षा कमी माणसं, भाषा दुसऱ्या कुणाला समजत नाही, थंडीत चार वाजायच्या आत काळोख. आणि तिथे काद्रिऑर्ग नावाच्या बागेत कुमू म्हणून राष्ट्रीय चित्रसंग्रहालय आहे, २००६ साली उघडलेलं, टेकडीत खुपसून बांधलेलं. ते बघून मी खुळ्यासारखा चित्रांच्या मागे काय लावलंय ते वाकून बघत होतो, धंद्याची सवय. गार्डबाईने दोनदा हटकलं.

पण मला जास्त आवडलं ते दुसरं एक ठिकाण, समुद्राच्या बाजूला. नाव एकेकेएम. ही सरकारने काढलेली जागा नव्हे. जुन्या हीटिंग प्लांटचं ऑफिस रिकामं पडलं होतं, त्यात २००६ मध्येच आर्टिस्ट लोक सरळ घुसले आणि आम्ही इथे समकालीन कलेचं म्युझियम चालवतो म्हणून बसले. सुरुवातीला कागद नाही की परवानगी नाही, पुढे हळूहळू मान्यता मिळाली, अनुदान मिळालं. भिंतींना खिळ्यांची भोकं इतकी की चाळण झालेली. मला ती भिंत बघून इतकं बरं वाटलं, काय सांगू.

ह्यांना पैसा येतो कुठून हे मी भाचीला विचारलं आणि तिने जे सांगितलं त्यासाठीच खरं तर हे पत्र आहे. तिकडे कुल्तुरकापिताल म्हणून कला-संस्कृतीसाठी एक स्वायत्त निधी आहे, सगळे त्याला कुल्का म्हणतात. पहिल्यांदा १९२५ साली कायद्याने स्थापन झाला, सोव्हिएत राजवटीत गेला, स्वातंत्र्यानंतर १९९४ मध्ये परत सुरू केला. त्यात पैसा येतो दारू-तंबाखूच्या अबकारीतून आणि जुगाराच्या करातून! ठरावीक हिस्सा कायद्याने बाजूला काढलेला असतो, दरवर्षी मंत्र्याच्या पाया पडायला नको. त्या कुमूच्या बांधकामालाही जुगाराच्या कराचा पैसा लागला. वर्षातून चार वेळा अर्ज घेतात, चित्रकलेची वेगळी समिती, नाटकाची वेगळी, साहित्याची वेगळी, शिवाय जिल्ह्याजिल्ह्याच्या वेगळ्या. समितीवरची माणसं ठरावीक मुदतीनंतर बदलतात आणि कुणाला किती दिले त्याची यादी सगळ्यांना बघायला मिळते.

आता दारू आणि जुगार, ह्या दोन गोष्टींची गोव्यात टंचाई आहे का हो? मांडवीत सहा कॅसिनो जहाजं उभी आहेत, अबकारी खात्याचं उत्पन्न किती ते अंदाजपत्रकात छापून येतं. मला कॅसिनो आवडतात असं नाही, आमच्या गल्लीतल्या एकाने तिथे गाडी घालवली. पण तो पैसा असाही तिजोरीत जातोच आहे, मग त्यातला थोडासा, अगदी रुपयाला दोन पैसे, कलेसाठी कायद्याने बांधून ठेवायला काय हरकत आहे?

लोक म्हणतील सरकार करतं की. करतं, नाही कोण म्हणतो? कला आणि संस्कृती खातं अनुदानं देतं, वयस्कर कलाकारांना महिन्याचं मानधन देतं, मडगाव, साखळी, कुडचडेला रवींद्र भवनं बांधली. चवथीला माटोळीची स्पर्धासुद्धा घेतात आणि ती मला फार आवडते, कारण रानातली फळं टांगून केलेल्या एकेका माटोळीसमोर माणसं तासभर मान वर करून उभी असतात, त्यामुळे गोवेकराला बघायची आवड नाही हे मी मान्यच करणार नाही. पण हे सगळं एक तर कार्यक्रमासाठी नाहीतर इमारतीसाठी. वर्षभर दार उघडून बसणाऱ्या लहान गॅलरीचं भाडं भरायला ह्यातलं काय उपयोगी पडतं? डिसेंबरात सेरेंडिपिटी कला महोत्सव येतो, २०१६ पासून येतो, पणजी भरून जाते, मी पण जातो आणि थक्क होऊन येतो. जानेवारीत सगळं गुंडाळलेलं. बाकी पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीतलं म्युझियम ऑफ गोवा आहे, आल्तिनोवर सुनापरान्त कलाकेंद्र आहे, फोंतेन्यसमध्ये फुंदासांव ओरिएंत ही पोर्तुगीज संस्था आणि एकदोन गॅलऱ्या आहेत. चांगलं काम आहे, पण प्रत्येकाच्या मागे एक माणूस नाहीतर एक घराणं नाहीतर बाहेरची एक संस्था. त्या माणसाने उद्या हात आखडला तर काय?

गॅलरीवाले निम्मं कमिशन खातात म्हणून मुलं माझ्याकडे तक्रार करतात. अरे पण त्यात भाडं आहे, लाइट आहे, पावसाळ्यात डीह्युमिडिफायर आहे, नाहीतर जुलैत कॅनव्हासच्या मागे बुरशी धरते, मी रोज बघतो. आणि लहान जागेत खरी अडचण ही की चित्र घेणारी घरं वीस-पंचवीस, त्यांच्या भिंती एकदा भरल्या की संपलं. मग चित्र बाहेर न्यावंच लागतं. आइसलँडची माणसं चार लाखांच्या आत, म्हणजे आपले बार्देश आणि सासष्टी हे दोन तालुके मिळून त्यापेक्षा जास्त होतील, पण तिथल्या राजधानीतली, रेक्याविकची आय-एट नावाची गॅलरी १९९५ पासून चालू आहे, कारण ती आपले आर्टिस्ट घेऊन परदेशातल्या मोठ्या आर्ट फेअरांत जाते. आणि मागून सरकार आर्टिस्टना काही महिन्यांचा चक्क पगार देतं, अर्ज करून निवड झाली तर. तिथेच बंदरावर १९४८ साली बांधलेली माशांच्या भुकटीची फॅक्टरी होती, २०१७ मध्ये तिचं आर्ट सेंटर केलं, त्यात आर्टिस्टनी स्वतः चालवलेल्या दोन जागा आहेत, त्यातली एक १९७८ पासूनची संस्था. माशांच्या फॅक्टरीत! आपल्याकडे बंद पडलेल्या इमारती कमी आहेत असं कुणी म्हणू नये.

दिल्लीच्या आर्ट फेअरला स्टॉल घ्यायचा तर इथल्या लहान गॅलरीवाल्याला घर गहाण टाकावं लागेल. पैसा तिथे हवा. सत्काराच्या शालींना नको.

नाहीतर आपले चित्रकार बाहेर जातात ते जातातच. चित्रकार सौझा साळगावचा, तो १९४९ मध्ये लंडनला गेला. मूळ गोव्याच्या चित्रकार गायतोंड्यांचं एक चित्र २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात जवळजवळ २४ कोटींना गेलं, तेव्हा आपल्याकडे सगळ्यांना एकदम अभिमान वाटला. मडगावचे चित्रकार लक्ष्मण पै पॅरिसला राहून आले आणि १९७७ पासून दहा वर्षं आर्ट कॉलेजचे प्रिन्सिपल होते, असा परत येणारा विरळाच. ते असो.

असा निधी काढून समिती नेमली की तिच्यावर भाचे-पुतणे येणार हे मला माहीत आहे, मी गोव्यातच राहतो. म्हणून तर समिती बदलती हवी आणि यादी छापून हवी. कुणाला कशासाठी किती दिले हे तुमच्यासारख्या पेपरात दर तिमाहीला आलं तर निम्मे भाचे आपोआप गळतील.

त्या डिचोलीच्या मुलाची अकरा चित्रं अजून माझ्याकडे पोटमाळ्यावर आहेत, बबलरॅपमध्ये. तो पुण्याला अॅनिमेशनच्या कंपनीत लागला. दोन चित्रं मी दुकानात लावली, एकावर अजून कुणी नजर टाकली नाही, दुसरं एका ट्रकवाल्याने मागितलं, त्याचाच ट्रक निघाला असेल म्हणाला, नंबर नीट दिसत नव्हता. भाव विचारून गेला, परत येतो म्हणाला.

आणि एक विनंती तुम्हालाच. तुमच्या 'आजचे कार्यक्रम' मध्ये भजन, नाटक, जत्रा, फेस्त, रक्तदान सगळं येतं, प्रदर्शन फक्त उद्घाटनाला कुणी मोठा असेल तर येतं, आणि तेही दुसऱ्या दिवशी, समईच्या फोटोसकट. चालू असलेल्या प्रदर्शनांची चार ओळींची यादी, जागा आणि वेळ एवढंच, रोज छापा. मी दुकानाच्या काचेवर कापून चिकटवीन.

आपला,
एक फ्रेमवाला, फोंडा