कराच्या प्रश्नावर भांडण हवेच

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या पत्रांच्या सदरात एका वाचकाने ‘जीएसटीसारख्या विषयात तरी पक्षीय राजकारण आणू नये’ असे कळकळीने लिहिले आहे. मला मात्र ते पटले नाही. आम्ही किराणा-जनरलवाले या कराशी रोज झटतो, आणि आजवर जे काही पदरात पडले ते पक्ष एकमेकांशी भांडले म्हणून पडले, असेच माझे मत झाले आहे.

२००६च्या अर्थसंकल्पात तेव्हाचे केंद्रीय अर्थमंत्री चिदंबरम यांनी २०१० साली जीएसटी आणण्याचे जाहीर केले, तेव्हा अडून बसली ती भाजपची गुजरात आणि मध्य प्रदेशातली सरकारे. २०१४ नंतर खुर्च्या बदलल्या आणि राज्यसभेत अडवायची पाळी काँग्रेसची आली. दोघांनीही एकमेकांना विकासाचे विरोधक ठरवले. पण या ओढाताणीत राज्यांनी जीएसटीमुळे बुडणाऱ्या महसुलाच्या पाच वर्षांच्या भरपाईची हमी कायद्यात लिहून घेतली, तीही महसुलात दरसाल १४ टक्के वाढ गृहीत धरून. सगळे सुरुवातीलाच माना डोलवून मोकळे झाले असते, तर ही हमी मिळाली असती का?

आपल्याकडचे उदाहरण तर युतीच्या घरातलेच आहे. २०१७ साली भाजप आणि शिवसेना राज्यात एकत्र सत्तेत होते, पण दोघांचे सूत जुळत नव्हते. जीएसटी आल्यावर शहरात येणाऱ्या मालावरची जकात गेली की मुंबई महापालिकेचे सर्वांत मोठे उत्पन्न जाणार, म्हणून सेनेने ताणून धरले. त्या मे महिन्याच्या विशेष अधिवेशनात जीएसटीबरोबरच स्थानिक संस्थांना भरपाई देण्याचा कायदाही झाला, आणि जुलैमध्ये तेव्हाचे अर्थमंत्री सुधीर मुनगंटीवार यांनी भरपाईचा पहिला धनादेश उद्धव ठाकरे यांच्या उपस्थितीत महापालिकेला दिला. त्या कार्यक्रमात दोन्ही पक्षांच्या कार्यकर्त्यांनी एकमेकांवर घोषणांचा मारा केला म्हणून नाके मुरडली गेली. मुरडा खुशाल, पण त्या कायद्याचा लाभ फक्त मुंबईला नाही, इतर महापालिकांनाही झाला.

करोनाच्या वर्षी भरपाई थकली. निर्मला सीतारामन यांनी तेव्हा देवाच्या करणीकडे बोट दाखवले आणि राज्यांपुढे कर्ज काढण्याचे पर्याय ठेवले. म्हणजे करणी देवाची आणि कर्ज राज्याच्या बोकांडी! महाविकास आघाडीचे अर्थमंत्री म्हणून अजित पवार यांनी थकबाकीसाठी केंद्राला पत्रे लिहिली, बिगरभाजप राज्यांनी आवाज उठवला, आणि ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने १ लाख १० हजार कोटींचे कर्ज स्वतः काढून राज्यांना द्यायचे कबूल केले. भांडणाचा रोकडा हिशेब यापेक्षा वेगळा काय असतो?

पाच वर्षांची भरपाई संपली ३० जून २०२२ ला. त्याच संध्याकाळी एकनाथ शिंदे यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. भरपाईच्या शेवटाची बातमी त्या धामधुमीत कुठल्या पानावर गेली, कोण जाणे. पुढे अजित पवारही महायुतीत जाऊन अर्थमंत्री झाले.

ऑगस्ट २०२५ पर्यंत या, म्हणजे माझा मुद्दा लक्षात येईल. जीएसटीच्या दरांचे टप्पे कमी होणार हे ठरल्यावर कर्नाटक, केरळ, तमिळनाडू, पंजाब, पश्चिम बंगाल, तेलंगण, हिमाचल आणि झारखंड ही आठ राज्ये दिल्लीत जमली आणि आमचा बुडणारा महसूल कोण भरून देणार, असे त्यांनी विचारले. देशात सर्वाधिक जीएसटी जिथे गोळा होतो तो महाराष्ट्र त्यांत नव्हता. त्या आठही राज्यांत विरोधी पक्षांची सरकारे होती आणि आपल्याकडे महायुतीचे. कारण एवढेच. केंद्राच्याच अंदाजाने या कपातीचा फटका ४८ हजार कोटींचा. आपल्या वाट्याचे काय, हे विचारण्यासाठी सरकार विरोधी पक्षाचेच असावे लागते काय?

कराचे दर ठरवणाऱ्या केंद्र-राज्यांच्या जीएसटी परिषदेत एक तृतीयांश वजन केंद्राच्या मताला आहे आणि ठरावाला तीन चतुर्थांश लागतात. म्हणजे सगळी राज्ये एक झाली तरी केंद्राशिवाय काही मंजूर होत नाही. त्यात महाराष्ट्राचे मत आणि सिक्कीमचे मत एकाच वजनाचे. मतदानात आपण जिंकणार नाही हे उघड आहे. बोलणे तेवढे हातात आहे, आणि तेच आपण युतीधर्मापायी सोडून देतो.

दर उतरले ते चांगलेच झाले. साबण, शाम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्क्यांवर आली, गिऱ्हाईक खूश. पण १८ टक्के भरून घेतलेला माल २२ सप्टेंबर २०२५पासून आम्ही ५ टक्क्यांनी विकला. वरचा फरक क्रेडिट लेजरमध्ये, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराच्या जमाखात्यात, नुसता दिसतो. दुकानातला जवळपास सगळाच माल ५ टक्क्यांचा असेल तर तो वळता करून घ्यायला वर्ष जाते, आणि त्याचा परतावा मागता येत नाही. नव्या किमतीची स्टिकरे चिकटवायची ती वेगळीच. याबद्दल सत्ताधारी पक्षातले कोणी बोलले असते तर बिघडले नसते. नितीन गडकरी यांनी जुलै २०२४ मध्ये विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के कर काढा, असे स्वपक्षाच्याच अर्थमंत्र्यांना लिहिले होते की! त्याने सरकार पडले नाही. पुढे वैयक्तिक विम्यावरचा तो कर गेलाच.

परिषदेच्या बैठकीहून परतल्यावर अर्थमंत्र्यांनी महाराष्ट्राच्या वतीने काय मागितले, काय मिळाले आणि कशावर माघार घेतली, याचे निवेदन लगेचच्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांत करावे. त्यांनी ते केले नाही तर विरोधकांनी मागावे. सभात्याग करण्यात जो वेळ जातो त्यात हे सहज बसेल.

आपला,
एक किराणा दुकानदार, मिरज