तेइका आणि उसन्या ओळी

संपादक महोदय,

जपानी कविता म्हटले की आपल्याकडे गाडी हायकूवरच अडते. हायकू जन्मण्याच्या कितीतरी आधी क्योतोच्या दरबारात ५-७-५-७-७ अशा ३१ अक्षरांचा ‘वाका’ रचला जाई. त्यातला जाणता कवी म्हणजे फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१).

जुन्या कवितेतून ओळी उचलणे तेव्हा चोरी नव्हे, कसब होते. तेइकाने मात्र त्याला माप घातले. पाचांपैकी फार तर दोन ओळी आणि वर तीन-चार अक्षरे घ्यावीत. गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतल्या कवींचे शब्द घेऊ नयेत. विषयही बदलावा, मूळ कविता ऋतूवर असेल तर नवी प्रेमावर करावी. उचल जास्त झाली की नवे काही उरतच नाही. त्याने स्वतः आवाजी बेटावरच्या मात्सुहोच्या जुन्या गीतातला झुरणारा पुरुष बाजूला सारून वाट पाहणारी स्त्री बोलती केली. मिठासाठी जाळलेल्या समुद्रशेवाळासारखी ती जळते, आणि ‘मात्सु’ म्हणजे वाट पाहणे, हा श्लेष! त्यानेच निवडलेल्या शंभर कवितांत ही ९७वी.

माणूस तापट. ११८५ मध्ये दरबारात एकाला हातातल्या दिवटीने मारले आणि पद गेले. वडील शुनझेई यांनी रदबदलीसाठी कविताच लिहिली, तेव्हा परत घेतले. १२२० मध्ये निवृत्त सम्राट गो-तोबाची मर्जी गेली, तीही एका कवितेपायी.

त्याची रोजनिशी खगोलशास्त्रज्ञही चाळतात. १०५४ मध्ये, म्हणजे त्याच्या जन्माच्याही आधी, आकाशात अचानक झळकलेल्या ‘पाहुण्या ताऱ्या’ची जुन्या नोंदींवरून उतरवलेली नोंद तिच्यात आहे; आजचा खेकडा तेजोमेघ म्हणजे त्याच ताऱ्याचे अवशेष.

– एक वाचक, पुणे