फोनची परीक्षा धुऱ्यावर घ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत पंधरा हजारांच्या आतले चांगले फोन निवडून देणारा लेख वाचला. रात्री फोटो कसा येतो, गेम खेळताना फोन अडखळतो का, पाठीवर बोटांचे ठसे उमटतात का, हे सगळं त्यात बारकाईने लिहिलं आहे. भर दुपारी वावरात उभं राहिलं तर स्क्रीनवर काही दिसतं का, एवढं मात्र राहून गेलं. आमच्याकडे फोन घेणाऱ्याचा पहिला प्रश्न तोच असायला हवा, म्हणून हे पत्र.

मी कापूस-सोयाबीन पेरणारा शेतकरी आहे आणि दोन हंगामांपासून गावात ई-पीक पाहणीचा सहायक म्हणून काम करतो. शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाची नोंद करायची, मुदतीत करायची राहून गेली तर सहायकाने करायची, अशी पद्धत आहे. पण प्रत्यक्षात "भाऊ, तूच करून दे ना" म्हणत लोक आपला फोन माझ्या हातात देतात. त्यामुळे कोणता फोन धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, टिकतो आणि कोणता मान टाकतो, हे जाहिरात न वाचताही मला कळायला लागलं आहे.

गेल्या सप्टेंबरातली गोष्ट. पुतण्याने दिवाळीला हप्त्यावर बावीस हजारांचा फोन घेतला होता. पातळ, चकचकीत. पाऊस उघडून कडक ऊन पडलं होतं आणि आम्ही दोघं त्याच्या वावरात नोंद करायला गेलो. पिकाचा फोटो गटातच उभं राहून काढावा लागतो, फोटोसोबत जागाही नोंदली जाते. नकाशा उघडला, कॅमेरा उघडला आणि दहा मिनिटांत तो म्हणाला, "काका, स्क्रीनच काळी पडून राहिली." फोन बिघडला नव्हता. तापला होता. तापला की फोन स्वतःला वाचवायला स्क्रीनचा उजेड कमी करतो, आणि नेमका तेव्हाच आपल्याला जास्त उजेड हवा असतो. शेवटी बंडीच्या सावलीत बसून, डोक्यावरून दुपट्टा ओढून त्याने फोटो काढला. शेजारचे आजोबा आपला साडेआठ हजारांचा जाडजूड फोन दाखवत म्हणाले, "माह्या फोनले काही नाही होत." त्यांचा फोन हळू चालतो, फोटो फिका येतो, पण त्या दिवशी नोंद त्यांचीच आधी झाली.

तेव्हा दुकानात गेलात तर फोन घेऊन दाराबाहेर उन्हात या. दुकानदार कुरकुर करेल, करू द्या. कंपनीच्या माहितीत स्क्रीनचा उजेड 'निट्स'मध्ये दिलेला असतो. हा आकडा कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलपेक्षा आमच्या जास्त कामाचा. मेगापिक्सेल पन्नास असो की एकशे आठ, पऱ्हाटीवरची (कापसावरची) बोंडअळी ओळखायला दोन्ही पुरतात.

दुसरी गोष्ट नेटवर्कची. आमच्या गावाला टॉवर लांब. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूर जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी आत येतात. जास्त मेगाहर्ट्झच्या लहरींवर नेट वेगवान चालतं, पण त्या लवकर दमतात. बीएसएनएलच्या स्वदेशी ४जी सेवेचं देशभराचं उद्घाटन २७ सप्टेंबर २०२५ रोजी झालं. खेड्यांतल्या त्यांच्या बऱ्याच टॉवरवर ७०० मेगाहर्ट्झ, म्हणजे 'बँड २८' वापरतात. नव्या बहुतेक फोनमध्ये हा बँड असतो, पण जुन्या किंवा बाहेरदेशातून आणलेल्या फोनमध्ये नसू शकतो. मग टॉवर डोळ्यांसमोर असूनही फोन मुका. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेलखाली बँडची यादी असते, घेण्याआधी ती बघा. आणि ज्याचं सिम घ्यायचं त्याच कंपनीचं सिम असलेला एखादा मित्र आपल्या वावरात नेऊन बघा. गावाच्या चौकात दांड्या भरलेल्या दिसतात, त्या वावरात असतीलच असं नाही.

५जीचं वेड आमच्याकडेही आलं आहे. जिथे ५जी धड पोहोचत नाही तिथे फोन सारखा ४जी-५जी करत बसतो. नेटवर्क अशक्त असलं की तो टॉवरपर्यंत आवाज पोहोचवायला जास्त जोर लावतो. "नवीन फोन, तरी संध्याकाळपर्यंत बॅटरी पुरत नाही" म्हणणाऱ्यांनी सेटिंगमध्ये जाऊन फोन ४जीवर ठेवून बघावा. अर्धी तक्रार तिथेच संपते.

बॅटरीचं सांगायचं तर आमचा उन्हाळा तिचा वैरी. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि बॅटरीचं तापमान तेवढं झालं की फोन चार्जिंग मंद करतो किंवा थांबवतो. लोकांना वाटतं चार्जर गेला. मोटारसायकलच्या टाकीवर बांधलेला, ट्रॅक्टरच्या बोनेटवर ठेवलेला, मोटारपंपाच्या पेटीजवळ चार्जिंगला लावून वर दस्ती झाकलेला, असे सगळे फोन मी पाहिले आहेत. एका काकांनी तर तापलेला फोन ओल्या दुपट्ट्यात गुंडाळून माठाला टेकवला! थंड झाला खरा, पण आत ओल शिरली आणि स्पीकर गेला. सावलीत ठेवा, जाड कव्हर काढा, थोडा वेळ बंद करा, एवढं पुरतं. वीज रात्रीची असली तर फोन गादीवर किंवा उशीखाली चार्ज करू नका. बाकी मोठी बॅटरी असलेला जाड फोन घ्यायला लाजू नये.

रॅमबद्दलही (फोनची काम करतानाची मेमरी) एक. पेटीवर '८ + ८ जीबी' असं मोठ्या अक्षरात असतं. त्यातले पहिले ८ खरे. दुसरे ८ फोनच्याच साठवणीतून उसने घेतलेले असतात. ओसरी तोडून खोली वाढवावी, तसं ते. घर काही मोठं होत नाही.

फवारणीच्या दिवशी फोन खिशात नकोच. २०१७ साली आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकऱ्यांचे जीव गेले, ते कोणी विसरलेलं नाही. औषध लागलेल्या हाताने आपण फोन उचलतो, कानाला लावतो आणि संध्याकाळी तोच फोन पोराच्या हातात जातो. हे मी स्वतः केलं आहे. आता फोन पारदर्शक प्लास्टिकच्या पिशवीत घालून धुऱ्यावरच्या डब्यात ठेवतो. पातळ पिशवीवरून स्क्रीन चालते, पावसातही तीच कामाला येते.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप वीज पडण्याची आधी सूचना देतं. आमच्या लोकांनी ते टाकलेलं असतं, पण फोनचा 'बॅटरी सेव्हर' अशा ॲपला मागच्या मागे झोपवून टाकतो. म्हणून त्या ॲपला बॅटरीच्या बंधनातून सूट द्या आणि लोकेशन चालू ठेवा. ही सेटिंग प्रत्येक कंपनीने वेगळ्या कोपऱ्यात लपवली आहे, कशासाठी ते त्यांनाच ठाऊक.

जुना फोन घेणाऱ्यांनी मात्र पैसे मोजण्याआधी एक काम करावं. *#०६# दाबलं की पंधरा आकडी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसतो. तो 'केवायएम' या इंग्रजी अक्षरांपुढे एक जागा सोडून लिहा आणि १४४२२ वर एसएमएस पाठवा, फोनची माहिती येते. चोरीचा निघाला तर पैसे बुडतात आणि वर पोलीस स्टेशनच्या चकरा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा पीएम किसानच्या नावाने येणारी 'एपीके' (फोनमध्ये ॲप बसवणारी) फाइल उघडू नका. उघडून खात्यातले पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन करा, उद्यावर ढकलू नका.

आमच्याकडे फोन शौकासाठी फार थोडे घेतात. सीसीआयने, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाने, २०२५ च्या हंगामापासून हमीभावाने कापूस विक्रीची नोंदणी 'कपास किसान' ॲपवर आणली. ओटीपी आला नाही तर स्लॉट (विक्रीची ठरलेली वेळ) नाही, आणि स्लॉट नाही तर मग व्यापाऱ्याच्या दराला मान हलवायची. सातबाऱ्यावर पिकाची नोंद नसेल तर तोही घोर वेगळाच. अशा फोनला शहरातल्या गेम खेळणाऱ्या पोराची फूटपट्टी लावू नये, एवढंच माझं म्हणणं.

पुरवणीच्या संपादकांना एक विनंती. पुढच्या वेळी फोन तपासायचे असतील तर परीक्षकांना मे महिन्यात आमच्याकडे पाठवा. लिंबाच्या सावलीत खाट टाकून देतो, ताक देतो. फोन मात्र त्यांनी स्वतः धुऱ्यावर उभं राहून तपासायचे, दुपारी बारा ते तीन. पुतण्याच्या फोनचे अजून चार हप्ते बाकी आहेत, तोही सोबत येईल म्हणतो.

आपला,
एक पीक पाहणी सहायक
ता. घाटंजी, जि. यवतमाळ